सुटकेनंतरची कैद

बीड जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात सैन्यातील सेवा पूर्ण करून जवान घरी परततो तेव्हा सारा गाव वेशीवर जमतो. हलगी वाजते, डोक्यावर फेटा चढतो, दारोदारी औक्षण होते आणि शाळेच्या पटांगणात सत्काराची भाषणे होतात. दुष्काळ सोसणाऱ्या आणि दरवर्षी ऊसतोडीसाठी घरदार सोडणाऱ्या या जिल्ह्यात सैन्यातील नोकरी म्हणजे कुटुंबाला लाभलेला मोठा आधार असतो. त्यामुळे हा आनंद मनापासूनचा असतो. अशा मिरवणुका आम्ही कौतुकाने पाहिल्या आहेत. परंतु जो शत्रूच्या कैदेतून परततो, त्याचे स्वागत कसे करायचे, हे मात्र आपल्या समाजाला अजून उमगलेले नाही. त्याच्या गळ्यात हार पडतो, आणि पाठ फिरताच कुजबूजही सुरू होते. "तो सापडलाच कसा?" हा प्रश्न कोणीतरी विचारतोच.

या विषयाकडे वळण्यास कारण घडले ते २०२५ सालच्या काही घटनांचे. एप्रिलमध्ये पंजाबच्या सीमेवर पलीकडे गेलेला सीमा सुरक्षा दलाचा एक जवान सुमारे तीन आठवडे पाकिस्तानच्या ताब्यात राहून १४ मे रोजी अटारीमार्गे परतला. त्याच महिन्याच्या २३ ते २५ तारखांना रशिया व युक्रेन यांनी प्रत्येकी एक हजार बंदिवानांची अदलाबदल केली. १० ऑगस्ट रोजी, १९७१ च्या युद्धातील कैदी आणि पाकिस्तानी छावणीतून निसटण्याचा धाडसी प्रयत्न करणारे ग्रुप कॅप्टन दिलीप पारुलकर यांचे पुण्यात निधन झाले. १३ ऑक्टोबर रोजी गाझातील शेवटचे वीस जिवंत ओलीस मुक्त झाले आणि इस्रायलने सुमारे दोन हजार पॅलेस्टिनी बंदिवानांना सोडले. दूरचित्रवाणीवर आपण मिठ्या पाहिल्या, अश्रू पाहिले. मग बातमी संपली. आमचा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. सुटका एका दिवसात होते. घरी परतण्यास वर्षे लागतात. ती वर्षे कशी जातील, हे बऱ्याच अंशी घरातील व गावातील माणसांवर अवलंबून असते.

मराठवाड्याला हा विषय परका नाही

युद्धकैदी म्हटले की आपल्याला दूरचे देश आठवतात. परंतु हा इतिहास आपल्या अंगणातून गेलेला आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आजचे अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद या नावाने ओळखले जाई व तेथे घोडदळाची छावणी होती. दुसऱ्या महायुद्धात याच संस्थानाच्या फौजेतील पहिली हैदराबाद पायदळ पलटण मलायातील कोता भारूच्या विमानतळाच्या रक्षणासाठी तैनात होती. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य प्रथम उतरले ते तेथेच. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे चाळीस हजार भारतीय सैनिकांना जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांतील अनेकजण आझाद हिंद सेनेत गेले. अनेकांनी नकार दिला, आणि अशा हजारोंना न्यू गिनी व न्यू ब्रिटनच्या बेटांवर मजुरीसाठी नेण्यात आले. उपासमार, हिवताप व मारहाण यांमुळे त्यांतील कित्येक परतले नाहीत.

जे परतले त्यांची काय गत झाली? युद्ध संपल्यावर आझाद हिंद सेनेच्या संदर्भात चौकशी होऊन या सैनिकांची 'पांढरे', 'करडे' आणि 'काळे' अशी वर्गवारी करण्यात आली. तीन-साडेतीन वर्षे मरणाच्या दारात काढलेल्या माणसाला मायदेशी प्रथम भेटली ती चौकशी समिती. आझाद हिंद सेनेकडे आज आपण आदराने पाहतो, तसेच नकार देऊन बेटांवर मेलेल्यांच्या निष्ठेकडेही पाहिले पाहिजे. दोन्ही बाजूंच्या माणसांना संशयाचा तो शिक्का आयुष्यभर वागवावा लागला, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

त्याही आधी, पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधील कुत-अल-अमारा येथे जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपले. घोडे कापून खाण्याची वेळ आली, तेव्हा अनेक हिंदी शिपायांनी धर्मबंधनामुळे बराच काळ ते मांस नाकारले व ते अधिकच खंगले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती लागली. उपाशी पोटी, अनवाणी, वाळवंटातून चालवत त्यांना उत्तरेकडे रेल्वेच्या कामावर नेले गेले. ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक कैदेत मेले. हिंदी शिपायांचे मृत्यूही हजारोंच्या घरात गेले आणि अनेकांचा ठावठिकाणा कधीच लागला नाही. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पुढे आठवणींची पुस्तके लिहिली. सातारा-रत्नागिरीकडच्या ज्या मराठी शिपायाला लिहिता येत नव्हते, त्याने आपल्या आठवणी कोणाला सांगितल्या असतील? बहुधा कोणालाच नाही. कोणी विचारलेही नसावे.

या चित्राची दुसरी बाजूही आपल्या शेजारीच आहे. बीडला लागून असलेल्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे दोन्ही महायुद्धांत जर्मन नागरिकांना स्थानबद्ध करून ठेवण्यात आले होते. पहिल्या महायुद्धात त्यांत जर्मन मिशनरीही होते. ज्यांनी येथील माणसांची सेवा केली, ते युद्धामुळे एका दिवसात 'शत्रू' ठरले. कैद म्हणजे काय, हे या भूमीने बाहेरून आणि आतून, दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

मनावर उमटलेला व्रण

कैदेतून सुटलेल्या माणसाची जखम पुष्कळदा दिसत नाही. हाड मोडले तर क्ष-किरणांत दिसते. मन मोडले तर ते रात्री दिसते. झोपेतून किंचाळत उठणे, दाराची कडी वाजताच अंगाला कंप सुटणे, बंद खोलीत गुदमरणे, गर्दी टाळणे, लहानशा कारणाने संतापणे, जिवलगांविषयीही काही न वाटणे, आणि "माझा सोबती मेला, मी का वाचलो?" हा प्रश्न सतत कुरतडत राहणे, ही त्याची लक्षणे होत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली 'शेल शॉक' या नावाने याविषयी लिहिले. पुढे अनेक वर्षे सैन्यांनी अशा शिपायांना भेकड ठरविले. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या अधिकृत सूचीत या विकाराला स्थान दिले, तेव्हा कोठे तो वैद्यकशास्त्रात रीतसर मान्य झाला. मराठीत त्याला आघातोत्तर तणाव विकार असे म्हणतात.

व्हिएन्नाचे ज्यू मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी नाझींच्या छळछावण्या स्वतः भोगल्या. १९४५ साली सुटका झाल्यानंतरच्या अवस्थेविषयी त्यांनी जे नोंदविले, ते आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. मुक्त झालेल्या कैद्यांना आनंद होत नव्हता. आनंदी होण्याची शक्तीच ते गमावून बसले होते आणि ती त्यांना हळूहळू पुन्हा शिकावी लागली. त्यानंतर आणखी एक धोका होता. आपण एवढे सोसून आलो आणि गावात लोक खांदे उडवून दोन ठरावीक वाक्ये बोलतात, हे पाहून त्यांच्या मनात कडवटपणा दाटत असे. छळछावणी आणि युद्धकैद्यांची छावणी यांत मोठा भेद आहे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु घरी परतलेल्या माणसाचे हे दुःख दोन्हीकडे सारखेच आढळते.

१९७३ च्या युद्धात इजिप्त व सिरिया यांच्या कैदेत सापडलेल्या इस्रायली सैनिकांचा झहावा सॉलोमन या संशोधिकेने अनेक दशके पाठपुरावा केला. त्याच युद्धात लढलेल्या पण न पकडलेल्या सैनिकांच्या तुलनेत या माजी कैद्यांमध्ये विकाराचे प्रमाण बरेच अधिक आढळले. विशेष म्हणजे काहींमध्ये तो अनेक वर्षांनी, उतारवयात, उफाळून आला. त्यांच्या पत्नींच्या मनांवरही त्याची छाया पडली होती. "आता इतकी वर्षे झाली, विसरून जा," असे आपण सहज म्हणतो. आपले हे म्हणणे किती अज्ञानाचे आहे, ते यावरून ध्यानी यावे.

मग काहीजण तुलनेने सावरतात आणि काही खचत जातात, असे का होते? आमच्या वाचनातून व चिंतनातून तीन गोष्टी पुढे आल्या. कैदेत सोबत होती का? घरी बातमी पोहोचली का? आणि परतल्यावर आप्तांनी कसे स्वीकारले? या तिन्हींसाठी मराठी माणसांचीच उदाहरणे आपल्यापुढे आहेत.

सोबतीचे बळ

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुलकर यांचे सुखोई विमान डिसेंबर १९७१ मध्ये पाडले गेले. रावळपिंडीच्या छावणीत भारतीय हवाई दलाचे आणखीही काही वैमानिक होते. आरंभी प्रत्येकास वेगळ्या कोठडीत ठेवले होते. नाताळाच्या दिवशी छावणीच्या पाकिस्तानी प्रमुखाने केक मागवून सर्वांना एकत्र आणले. शत्रूच्या तुरुंगात, नाताळाच्या निमित्ताने, आपले सोबती जिवंत आहेत हे त्यांना डोळ्यांनी पाहता आले. त्या केकची किंमत कोण करील?

पुढे हे सारे एकत्र राहू लागले. थट्टामस्करी, पत्ते, वाचन आणि एकमेकांच्या खोड्या यांनी दिवस जाऊ लागले. पकडले गेलो तर निसटेन, असे पारुलकरांनी युद्धापूर्वीच बोलून दाखविले होते. ऑगस्ट १९७२ मध्ये ते, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे भिंतीला भोक पाडून बाहेर पडले. पेशावरमार्गे अफगाणिस्तानच्या सीमेजवळ ते पोहोचलेही. पारुलकर आणि सिंहजी यांनी स्वतःसाठी पाकिस्तानी ख्रिस्ती माणसांची नावे घेतली होती. लंडी कोतल येथे त्यांनी लंडी खाना या स्थानकाची चौकशी केली आणि तेथेच घात झाला, कारण ते स्थानक कित्येक वर्षांपूर्वी बंद पडले होते. लोकांना संशय आला. त्या काळी त्या वाटेने बंगाली लोक पळून जात असत, म्हणून हे तिघेही बंगाली असावेत असे ठरले. जीव जाण्याची वेळ आली, तेव्हा पारुलकरांनी ओळखीच्या एका पाकिस्तानी हवाई दल अधिकाऱ्याला दूरध्वनी करण्याची विनंती केली आणि त्या अधिकाऱ्याच्या शब्दामुळे ते वाचले. पुन्हा शिक्षा आणि पुन्हा कोठडी भोगून १ डिसेंबर १९७२ रोजी हे सारे वाघामार्गे मायदेशी आले.

या कथेतील धाडस सर्वांना भावते. आम्हांला त्यातील सोबत अधिक मोलाची वाटते. ही माणसे एकटी नव्हती. आज्ञा देणारा ज्येष्ठ होता, योजना होती, उद्याविषयी बोलणे होते. व्हिएतनाममधून १९७३ साली परतलेल्या अमेरिकन वैमानिकांच्या बाबतीतही हेच दिसले. भिंतीवर टकटक करून ते परस्परांशी सांकेतिक भाषेत बोलत. छळ भयंकर होऊनही त्यांच्यातील दीर्घकालीन मानसिक विकारांचे प्रमाण अपेक्षेहून कमी आढळले. आपसांतील एकजूट, आशावाद आणि परतल्यानंतर वर्षानुवर्षे नियमित झालेली वैद्यकीय तपासणी या गोष्टी त्यामागे असल्याचे अभ्यासक मानतात. त्यांतील प्रत्येकाला परतताना एक सोबती अधिकारी नेमून दिलेला होता. पारुलकरांच्या छावणीतील स्क्वाड्रन लीडर धीरेंद्र जाफा यांनी पुढे आपल्या आठवणी लिहून काढल्या. सोसलेले शब्दांत मांडणे हाही बरे होण्याचाच एक मार्ग आहे.

ज्याला सोबतच नसते त्याचे काय? केरळचे सलेशियन धर्मगुरू फादर टॉम उझुन्नालिल यांचे ४ मार्च २०१६ रोजी येमेनमधील एडन येथून अपहरण झाले. त्याच हल्ल्यात मदर तेरेसा यांच्या संघाच्या चार धर्मभगिनींची हत्या झाली होती. दीड वर्ष ते एकाकी होते. भाकर नव्हती, द्राक्षारस नव्हता. तरी ते मिस्साविधीच्या प्रार्थना मनातल्या मनात म्हणत, असे त्यांनी १२ सप्टेंबर २०१७ रोजी झालेल्या सुटकेनंतर सांगितले. दिवसाला एक क्रम असला, मनाला एक कर्तव्य असले की एकांतातही माणूस तग धरू शकतो, हे मानसशास्त्रही मान्य करते.

उंबरठ्यावर थांबलेले घर

कैदी एकटा नसतो. त्याच्यासोबत त्याचे घरही कैदेत असते. म्हणूनच १९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा करारात युद्धकैद्याने आठवड्याच्या आत घरी खबरपत्र पाठवावे, त्याला दरमहा पत्रे लिहिता यावीत, आणि प्रत्यक्ष लढाई थांबताच विनाविलंब त्याची सुटका व्हावी, अशी कलमे आहेत. ज्या घरी ते पत्र येत नाही, तेथे काय होते?

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानात पाडले गेले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पती पाकिस्तानी कैदेत जिवंत असल्याची आशा त्यांनी कित्येक दशके धरली आणि सरकारदरबारी पाठपुरावा चालू ठेवला. १९७१ च्या युद्धातील अशा बेपत्ता जवानांची व अधिकाऱ्यांची संख्या चोपन्न सांगितली जाते. २००७ साली नातेवाइकांचे एक शिष्टमंडळ पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले, आणि रिकाम्या हातांनी परतले. असे लोक आपल्या देशात आहेत हे पाकिस्तानने सातत्याने नाकारले आहे.

पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अशा दुःखाला 'संदिग्ध वियोग' या अर्थाचे नाव दिले. मृतदेह नाही म्हणून तेरावे नाही, मातीही देता येत नाही, आणि माणूस नाही म्हणून संसारही नाही. कुंकू लावायचे की पुसायचे, हे त्या स्त्रीला कोणी सांगू शकत नाही. आपल्या समाजात तर तिच्याकडे पाहणाऱ्या नजराच तिला दररोज तो प्रश्न विचारतात. अशा घराला सांत्वनाच्या दोन वाक्यांनी काही मिळत नाही. वर्षानुवर्षे तिच्या दारात जाणारे, तिच्या प्रतीक्षेला नावे न ठेवणारे शेजारी तिला हवे असतात.

स्वागत की संशय?

तिसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील, आणि अलीकडचे आहे. धुळे जिल्ह्यातील बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण हे ३७ राष्ट्रीय रायफल्सचे. २९ सप्टेंबर २०१६ रोजी, लक्ष्यभेदी कारवाईच्या त्या दिवशीच, ते नियंत्रण रेषेपलीकडे गेले व पाकिस्तानच्या हाती लागले. आईवडिलांच्या पश्चात ज्या आजीआजोबांनी त्यांना वाढविले, त्यांपैकी आजीला ती बातमी ऐकताच हृदयविकाराचा झटका आला व ती गेली. सुमारे चार महिन्यांनी, २१ जानेवारी २०१७ रोजी, वाघा सीमेवर त्यांची सुटका झाली. कैदेत आपला अमानुष छळ झाला, असे त्यांनी वृत्तपत्रांना सांगितले. वरिष्ठांना न कळविता ठाणे सोडल्याबद्दल त्याच वर्षी लष्करी न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून सुमारे तीन महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. २०१९ साली त्यांनी सतत त्रास होत असल्याचे सांगून सैन्य सोडण्याची इच्छा प्रकट केली. त्यांच्याविरुद्ध शिस्तभंगाची प्रकरणे असल्याचे सैन्याने सांगितले.

या वादात कोणाची बाजू खरी, याचा निवाडा करण्याचा आम्हांस अधिकार नाही. सैन्याला शिस्त हवीच. शत्रूच्या ताब्यातून आलेल्याची चौकशीही आवश्यक असते, कारण इतर जवानांचे प्राण त्यावर अवलंबून असतात. आमचा प्रश्न वेगळा आहे. एकाच माणसाच्या बाबतीत चौकशी आणि शुश्रूषा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, समान गांभीर्याने चालू शकत नाहीत काय? १ मार्च २०१९ रोजी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान सुमारे अडीच दिवसांच्या कैदेनंतर परतले, तेव्हा साऱ्या देशाने त्यांना डोक्यावर घेतले, आणि ते योग्यच होते. मात्र चार महिने कैदेत राहिलेल्या खेड्यातील शिपायाचे नाव आपण किती लवकर विसरलो! पकडला गेलेला अधिकारी वीर ठरतो आणि पकडला गेलेला शिपाई वादात सापडतो, असे चित्र समाजमनात उभे राहणे हितावह नाही. कैदेत सापडणे हा गुन्हा नव्हे. जिनीव्हा करार लिहिणाऱ्यांनी हे तत्त्व जगाला सांगितले. आपल्या चावडीवर ते अजून पोहोचायचे आहे.

आपण काय करू शकतो?

वाचकहो, या विकारावर उपचार आहेत. प्रशिक्षित तज्ज्ञाच्या साह्याने त्या आठवणींना सुरक्षित वातावरणात पुन्हा सामोरे जाणे, त्यांचा अर्थ नव्याने लावणे, या पद्धती जगभर उपयुक्त ठरल्या आहेत. गरजेनुसार औषधेही दिली जातात. बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय माजी सैनिकांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या अडचणी ऐकण्यासाठीच असते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा उपचारांचा हक्क प्रत्येक नागरिकास दिला आहे. असे असूनही आपल्याकडे माणूस आधी देवऋषीकडे नेला जातो, मग दारूकडे वळतो, आणि अगदी शेवटी डॉक्टरांकडे जातो. "मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर" ही समजूत जोवर जात नाही, तोवर रुग्णालयाची इमारत उभी असूनही तिचा उपयोग नाही.

डॉक्टरांनी करायचे ते डॉक्टर करतील. आपल्या वाट्याचे काम साधे आहे, पण चिकाटीचे आहे. परतलेल्या माणसाला "काय काय झाले ते सांग" असा आग्रह करू नये. तो बोलू लागला तर मध्येच तोडू नये. त्याच्या संतापाला लगेच स्वभावदोष म्हणू नये. त्याच्या पत्नीला आणि मुलांना वेगळे विचारावे, कारण घरातला ताण त्या मुकाट्याने सोसत असतात. त्याला काम द्यावे, जबाबदारी द्यावी. आपल्यावाचून कोणाचे अडते, हे जाणवणे हा मोठा आधार आहे. फटाके व डीजे यांचा सत्कार एखाद्याला नकोसा वाटेल; त्याला विचारावे आणि त्याच्या इच्छेला मान द्यावा. दारू सुटावी म्हणून केवळ शपथा घालू नयेत. ती कशासाठी लागते आहे, ते समजून घ्यावे. आणि मरणाची भाषा तोंडी आलीच तर ती हसण्यावारी नेऊ नये.

ख्रिस्तसभेला हे काम नवे नाही. बंदिवानांच्या मुक्ततेसाठी ११९८ साली त्रैक्यसंघ आणि १२१८ साली बार्सिलोना येथे संत पीटर नोलास्को यांचा मर्सिडेरियन संघ स्थापन झाला. या दुसऱ्या संघाचे सदस्य चौथे व्रत घेत: गरज पडल्यास कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहण्याचे. पहिल्या महायुद्धात पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी युद्धकैद्यांचा शोध घेऊन त्यांच्या घरी खबर देण्यासाठी व्हॅटिकनमध्ये कार्यालय उघडले. आपल्या काळात युक्रेनमधून पकडलेले दोन कॅथॉलिक धर्मगुरू व्हॅटिकनच्या मध्यस्थीने जून २०२४ मध्ये मुक्त झाले. मुक्ततेसाठी खंडणी भरणारे आणि वाटाघाटी करणारे लोक थोर होत. तथापि सुटका होऊन आलेल्या माणसाजवळ पुढची दहा-वीस वर्षे बसणारे लोकही तितकेच हवे असतात, आणि ते व्हॅटिकनहून येत नाहीत. ते आपल्याच धर्मग्रामात, आपल्याच वस्तीत असतात.

बीडच्या खेड्यांतून आजही मुले पहाटे उठून रस्त्याने धावतात, भरतीच्या तयारीसाठी. त्यांतील एखाद्याच्या नशिबी कैद येऊ नये, हीच आमची प्रार्थना आहे. परंतु ती आलीच, तर तो परतेल तेव्हा वेशीवरच्या हलगीबरोबर आणखी एक गोष्ट तयार असावी. पहिल्या आठवड्यानंतर, हार सुकल्यावर, रात्री दचकून उठलेल्या त्या माणसाच्या दारावर हळूच थाप मारून "मी आहे, झोप येत नसेल तर बाहेर बसू," असे म्हणणारा एक शेजारी त्याला मिळावा.